बाटली क्रमांक चार

११ एप्रिल, शुक्रवार

मुलांनी टाकून दिलेल्या प्रॅक्टिकलच्या वहीत लिहितेय. एका बाजूला रेघा, दुसऱ्या बाजूला कोरं पान, आकृतीसाठी. मला आकृत्या काढायच्या नाहीत, म्हणून कोऱ्या पानावरही लिहीन.

अठरा वर्षं मी या कॉलेजच्या बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये परिचर आहे. नळ्या धुणं, द्रावणं करणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणं. भंडाऱ्याला बारावी सायन्स केलं, मग लग्न, मग दिल्ली. शिकवणारे पुढच्या टेबलापाशी बोलतात, मी मागच्या सिंकपाशी ऐकते. अठरा वर्षं ऐकलं की बरंच कळतं. हे कुणाला सांगायला जात नाही.

आज पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा होती. मुलांना नुसते नंबर घातलेले साखरेचे नमुने द्यायचे आणि कुठली साखर आहे ते त्यांनी रंगांवरून ओळखायचं. एक नंबर ग्लुकोज, दोन फ्रुक्टोज, तीन लॅक्टोज, चार म्हणजे आपली चहातली साखर, सुक्रोज. चारही द्रावणं मी बुधवारीच केली होती, एक लिटरला दहा ग्रॅम.

दोन वाजता नमुने वाटून झाले, आणि बाहेर पिवळं अंधारलं. आंधी. खिडक्या लावेपर्यंत टेबलांवर धुळीचा थर, आणि लाइट गेली. नळ्या ज्या गरम पाण्यात उकळायच्या ते टब विजेवरचे. तासभर वाट बघून आमचे विभागप्रमुख सभरवाल सर यांनी परीक्षा मंगळवारवर टाकली. मुलं निघून गेली. नमुने नळ्यांत तसेच राहिले, काहींनी तर आपले ड्रॉपरही त्यांत बुडवले होते.

मी सरांना विचारलं, “हे टाकून देऊ? मंगळवारी सकाळी ताजं करते.”

ते म्हणाले, “अरे रमाजी, चीनी का पानी है, ख़राब थोड़े ही होगा. वापस डाल दीजिए.”

मी परत ओतलं. चारही बाटल्यांत.

१४ एप्रिल, सोमवार

बाबासाहेबांची जयंती. सकाळीच संसद मार्गावर गेलो. ऊन एवढं की रस्ता पायाखाली मऊ लागत होता. आमच्या लेकीने, लुंबिनीने, नोएडाच्या ऑफिसातून सुट्टी घेतली होती. आमचे हे दरवर्षीप्रमाणे पाण्याच्या स्टॉलवर उभे राहिले. मंत्रालयात कारकून आहेत, पण पाणी वाटताना साहेबांसारखे हुकूम सोडतात.

परतताना वाटलं, कॉलेजात जाऊन बाटल्या बघून याव्यात. पण कुलूप असणार.

१५ एप्रिल, मंगळवार

सकाळी चार नंबरचं झाकण काढलं तर वास. आंबूस, जिलेबीच्या पिठाला येतो तसा. उजेडात धरलं, पाणी जरा धुरकट. लॅब शुक्रवारपासून बंद, पंखे बंद, बाहेर एकोणचाळीस.

हेमांगी मॅडमना दाखवलं. करोल बागेत राहतात, त्यांच्या आजोबांपासूनचं घर दिल्लीत. पण मराठी आपल्यासारखंच बोलतात आणि मला रमाताई म्हणतात. कॉलेजात गेस्ट शिक्षिका आहेत, म्हणजे दरवर्षी मे महिन्यात नेमणुकीचा नवीन कागद. त्यांनी वास घेतला आणि सरांच्या खोलीत गेल्या. दोन मिनिटांत परत आल्या.

“सर म्हणतात, वेळ झालाय, सुरू करा.”

सुरू केलं. तांबं असलेलं बेनेडिक्टचं निळं द्रावण घालायचं, उकळायचं. ग्लुकोजसारखी साखर असली तर निळ्याचं हिरवं, पिवळं, आणि शेवटी विटकरी होतं. सुक्रोज मात्र निळीच राहते. का, ते हेमांगी मॅडमनी जानेवारीत फार छान सांगितलं होतं. सुक्रोज म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, दोघांनी एकमेकांचा हात घट्ट धरलेला. तांब्याला धरायला कुणाचाच हात मोकळा नाही, म्हणून रंग बदलत नाही.

आज चार नंबरच्या मुलांच्या टबात एकेक नळी विटकरी होत गेली. अनुष्का म्हणून एक मुलगी आहे, ग्रेटर नोएडाहून दोन मेट्रो बदलून येते. तिने हात वर केला. “मॅम, ब्रिक रेड आ रहा है, दो बार किया.”

मॅडम म्हणाल्या, “जो दिख रहा है वही लिखो.”

सरांनी पेपर तिथेच तपासले. चार नंबर बाराजणांना होता. अकराजणांनी दिसलं ते लिहिलं, त्यांना शून्य. एकट्या मानसने लिहिलं, रंग निळाच राहिला, सुक्रोज आहे. त्याला दहापैकी दहा.

संध्याकाळी नळ्या धुतल्या. ते विटकरी तांबं काचेला चिकटतं, ब्रशने जात नाही, थोडं आम्ल फिरवावं लागतं. चार नंबरच्या बारा नळ्या होत्या. बाराच्या बारांना आम्ल लागलं.

बाटली धुतली नाही. पिशवीत घालून घरी आणली आणि फ्रिजमध्ये दह्यामागे ठेवली. का आणली, ते अजून माझं मलाच नीट सांगता येत नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

मेमो आला. “परीक्षेच्या नमुन्यांची काचपात्रे अस्वच्छ ठेवल्यामुळे निकालात गंभीर त्रुटी उद्भवल्या. पंधरा दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा नियमानुसार कारवाई.” इंग्रजीत आहे, हा माझा अनुवाद.

अस्वच्छ. अठरा वर्षांत माझ्या नळीवर कुणाला पाण्याचा डाग दिसलेला नाही.

जुलैत माझी बढती आहे, परिचराची साहाय्यक होण्याची. यादीत माझं नाव पहिलं. मेमो फाइलला लागला तर नाव खाली जाणार. सरांना ते माहीत आहे. मुलांनी तक्रार केली म्हणून प्राचार्यांनी सरांना विचारलं, आणि सरांना कुणीतरी हवं होतं. मी सिंकपाशी उभीच असते.

हेमांगी मॅडम सरांच्या खोलीत तासभर होत्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ बॅग उचलून गेल्या. मंगळवारी सकाळी वास त्यांनीही घेतला होता. दोन शब्द बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं? शिकलेली माणसं अशीच. पोरांना सांगायचं, दिसेल ते लिहा, आणि स्वतः गप्प बसायचं.

१९ एप्रिल, शनिवार

घरात तीन मतं.

लुंबिनी म्हणाली, “मम्मी, सॉरी लिहून दे ना यार. ऑफिसमध्ये आम्ही दिवसातून दहा वेळा लिहितो. मीनिंग काहीच नसतं त्याचं.”

“माझ्या नळ्या घाण नव्हत्या.”

“बिल्कुल नसतील. पण प्रूव्ह कसं करणार?”

हे म्हणाले, “मेमोचं उत्तर एका पानाचं असावं. सरकारी रीत आहे.” मग दह्यासाठी फ्रिज उघडला आणि ती बाटली बघून कुरकुरले. संध्याकाळी पाहिलं तर बाटलीवर लाल पेनाने लिहिलेली चिठ्ठी, “कार्यालयीन, हात लावू नये.” अक्षर यांचं. माझी टिंगल करायची यांना हौसच आहे.

मी गुलाबजामांचा पाक करत होते. पाक पुन्हा साखर होऊन बसू नये म्हणून त्यात लिंबू पिळलं. पिळता पिळता हात थांबला. लिंबू करतं काय? आंबट साखरेला फोडतं. ग्लुकोज वेगळं, फ्रुक्टोज वेगळं, मग ते पुन्हा खड्यांत बसत नाहीत. आई करायची म्हणून मी करते, पण हेच ते, धरलेले हात सुटणं.

म्हणजे सुक्रोज फुटू शकते. बाटलीत लिंबू नव्हतं. पण आंबूस वास होता. आंबवणारं काहीतरी होतं.

लुंबिनीने विचारलं प्रूव्ह कसं करणार. करून. दुसरं कसं?

२१ एप्रिल, सोमवार

आठला पोचले. पहिला तास दहाचा असतो. लॅबची किल्ली हेमांगी मॅडमकडे असते, पण शुक्रवारची सुट्टी लागायच्या आधी त्या किल्ली माझ्या खणात विसरून गेल्या होत्या. एवढी शिकलेली बाई, किल्ली कुठे ठेवते याचं भान नाही. सांगणार आहे त्यांना.

टेबलावर बेनेडिक्टची ताजी बाटलीही होती, त्यांच्या अक्षरात तारीख घातलेली. दुसऱ्या वर्षाचा तास असेल कुठला तरी. त्यातली थोडी मी घेतली. कुणाला कळणार नाही.

साखरेचं द्रावण केलं, दहा ग्रॅमला एक लिटर, तसंच. तीन बाटल्या. पहिली फ्रिजमध्ये. दुसरी लॅबच्या मांडणीवर, जिथे चार नंबर होती तिथेच. तिसरीत लिंबाचे दहा थेंब, तीही मांडणीवर. प्रत्येकीवर तारीख आणि वेळ. मग प्रत्येकीतलं थोडं उकळून बघितलं. तिन्ही निळ्या.

आता शुक्रवारपर्यंत थांबायचं.

२५ एप्रिल, शुक्रवार

पहिली निळी. तिसरी, लिंबाची, हिरवट. आणि दुसरी, जिच्यावर सगळं अवलंबून, ती निळी. स्वच्छ निळी. पुन्हा केलं. निळी. वासही नाही.

म्हणजे चार दिवसांच्या उन्हाने साखर आपोआप फुटत नाही. मग त्या दिवशी काय झालं? खरंच माझी बाटली घाण होती का? बुधवारी गर्दीत मी ती ग्लुकोजच्या बाटलीनंतर नीट खंगाळली नसेल का? आठवून बघते आणि आठवत नाही. अठरा वर्षांत एकदा चूक होऊच शकते. सगळ्यांची होते.

खुलाशाला सात दिवस उरले. लुंबिनीने सॉरीचं पत्र टाइप करून टेबलावर ठेवलंय. सहीची जागा रिकामी.

२६ एप्रिल, शनिवार

शनिवारी अर्धा दिवस असतो. जिन्यात हेमांगी मॅडम भेटल्या. इकडेतिकडे बघत म्हणाल्या, “रमाताई, बाटल्या उकळून घेतल्या होत्यात?”

मी म्हटलं, “हो. माझ्या बाटल्या नेहमी स्वच्छच असतात.” जरा जोरातच म्हटलं.

“तेच,” त्या म्हणाल्या आणि खाली निघून गेल्या.

मला राग आला. टोमणा मारायला हिला आजचाच दिवस सापडला. बसमध्ये मुनिरकाच्या थांब्यापर्यंत रागच होता. मग आर. के. पुरमच्या वळणावर डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझ्या बाटल्या उकळलेल्या. पाणी ताजं. आंबवायला त्यांत काहीच नव्हतं. आणि त्या शुक्रवारी आम्ही काय केलं? आंधीची धूळ बसलेल्या उघड्या नळ्यांतलं, मुलांचे ड्रॉपर बुडालेलं पाणी परत बाटलीत ओतलं. दह्याला विरजण लावतात तसं. यीस्ट हवेत असतंच. ते साखर फोडूनच खातं, हेही सिंकपाशी ऐकलंय.

आणि ओतलं कुणी? मी. सरांनी सांगितलं हे खरं, पण हात माझे. मला शंका होती, म्हणूनच विचारलं होतं ना. तरी ओतलं. हे खुलाशात लिहायचं. माझ्या विरुद्ध जाईल, तरी लिहायचं. अर्धं खरं लिहिलं तर माझ्यात आणि मानसमध्ये फरक काय.

सॉरीचं पत्र फाडलं. यांनी तुकडे गोळा करून कचऱ्यात टाकले.

२८ एप्रिल, सोमवार

पुन्हा साखर, पुन्हा एक लिटर. या वेळी दोन बाटल्या केल्या. एक बंदच ठेवली. दुसरीतलं बारा नळ्यांत ओतलं, नळ्या तासभर खिडकीपाशी उघड्या. मग अनुष्काला बोलावलं. सांगितलं, तुमच्या वर्गातल्या चार नंबरच्या मुलांना घेऊन ये, आपापले ड्रॉपर घेऊन.

नऊजण आले. मानस नव्हता. प्रत्येकाने नळीत ड्रॉपर बुडवला. एकाने विचारलं, “आंटी, इससे मार्क्स मिलेंगे?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. “पर पता चलेगा.”

मग नळ्यांतलं सगळं बाटलीत परत. तेवढ्यात सभरवाल सर दारात.

“ये क्या हो रहा है?”

“सर, खुलाशाची तयारी.”

“लॅब आपकी निजी रसोई नहीं है, रमाजी.”

मी म्हटलं, “सर, मेमोत लिहिलंय की माझी काच घाण. ती घाण होती की नव्हती हे काचेलाच विचारते आहे. तुम्ही लेखी थांबवा, मी थांबते.” हिंदीत म्हटलं. मराठीत लिहिताना जरा धारदार वाटतंय, पण साधारण असंच.

त्यांनी लेखी दिलं नाही. मुलं भिंतीला चिकटून उभी होती. ते गेल्यावर मी स्टुलावर बसले आणि बाटल्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या.

३० एप्रिल, बुधवार

मानस कॅन्टीनच्या मागे दिसला. त्याच्याकडे गेले.

“तुझी नळी मी धुतली,” मी म्हटलं. “लाल होती.”

त्याचा चेहरा उतरला. “आंटी, प्लीज. सीनियर्सनी सांगितलं होतं, चार नंबर दरवर्षी सुक्रोजच असतो. मला वाटलं माझंच चुकलं असेल, म्हणून...”

“मी तुझं नाव घेणार नाही. पण कुणी विचारलं, किती नळ्या लाल होत्या, तर बारा सांगेन. अकरा सांगणार नाही.”

घाबरवायला नाही म्हटलं. खरंच सांगणार होते, म्हणून त्याला आधी कळवलं. पोरगं वाईट नाही. बरोबर उत्तर माहीत असल्यामुळे त्याने समोरचं बघणं सोडलं. सरांचंही तेच झालं, आणि सर तर डॉक्टरेट आहेत.

२ मे, शुक्रवार

आज खुलाशाचा शेवटचा दिवस.

साडेआठला झाकण काढलं. वास. तोच, जिलेबीचा. एकटी लॅबमध्ये उभी राहून हसले.

चार नळ्या लावल्या. बंद बाटली. परत ओतलेली बाटली. घरून आणलेली, फ्रिजमधली मूळ चार नंबर. आणि चौथी, आत्ताच केलेली ताजी साखर. पाण्याला उकळी आली. पाच मिनिटं घड्याळाकडे बघत राहिले, नळ्यांकडे नाही. मग बघितलं. निळी. विटकरी. विटकरी. निळी.

खुलासा चार पानांचा झाला. यांनी ऑफिसातून सुट्टी घेऊन टाइप करून दिला. एका पानाची सरकारी रीत सांगणारे हेच. शेवटी मी हाताने लिहिलं: “नमुने परत ओतू नयेत अशी शंका मला होती. मी ती विचारली, सूचना मिळाल्यावर ओतले. ओतण्याची जबाबदारी माझी. काच अस्वच्छ असल्याचा आरोप मला मान्य नाही.” चार वाजता आवक क्लार्ककडून पोच घेतली.

७ मे, बुधवार

प्राचार्यांच्या खोलीत बैठक. प्राचार्य बाई केमिस्ट्रीच्या नाहीत, इतिहासाच्या. त्यामुळे बरं झालं, त्यांनी सगळं समजावून मागितलं. मी लिंबाच्या पाकापासून सुरुवात केली. त्या म्हणाल्या, “हम भी डालते हैं.” मग नळ्या दाखवल्या.

सभरवाल सर म्हणाले, पाच दिवसांपूर्वीच्या नळ्यांवर कोण विश्वास ठेवणार, आणि वासाबद्दल आपल्याला कुणी कळवलंच नव्हतं.

प्राचार्यांनी हेमांगी मॅडमकडे बघितलं. मला वाटलं, आता ही म्हणणार, आठवत नाही.

त्या म्हणाल्या, “रमाताईंनी साडेनऊला सांगितलं. मी नऊ पस्तीसला सरांना सांगितलं. सर म्हणाले, सुरू करा.” तेवढंच. आवाज बारीक होता, पण वाक्य पूर्ण होतं. सर त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. एवढं तरी बोलल्या. तीन आठवडे उशिरा, पण बोलल्या.

प्राचार्यांनी मला विचारलं, “कितनी ट्यूब लाल थीं?”

“बारा.”

“पर एक छात्र ने तो नीला लिखा है.”

बाहेर बाकावर मुलं बसली होती, दार अर्धवट उघडं. मानस आत आला. कुणी बोलावलं नव्हतं.

“मॅम, मेरी भी लाल थी,” तो म्हणाला. “मैंने देखा ही नहीं. मतलब, देखा था.”

अकराजणांना मार्क मिळाले. मानसचे दहा गेले. बाहेर अनुष्का त्याच्या शेजारी जाऊन बसली. मी तिथे थांबले नाही, बारा वाजता दुसऱ्या वर्षाचा तास होता.

९ मे, शुक्रवार

सरांनी खोलीत बोलावलं. चहा मागवला. अठरा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, झालं गेलं. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या की अनवधानाने चूक झाली, मेमो परत घेतो, जुलैत बढती. आपल्या विभागाची बदनामी नको.

मी म्हटलं, “सर, माझी चूक मी लिहून दिलीय. चौथ्या पानावर आहे. त्यात परत ओता म्हणणाऱ्याचं वाक्यही आहे. या नव्या कागदात ते असेल का?”

“आप बात को खींच रही हैं.”

“मग मेमो राहू द्या फाइलला. माझी चार पानंही त्याच्यामागे राहू द्या. उघडणाऱ्याला दोन्ही वाचावं लागेल.”

चहा प्यायला नाही. निवत होता.

घरी सांगितलं तेव्हा यांनी फक्त विचारलं, “पानांना नंबर घातलेस ना? सरकारी फाइलीतून पानं गळतात.” घातले होते. लुंबिनीने मला मिठी मारली आणि म्हणाली, “मम्मी, तू टू मच आहेस.” चांगल्या अर्थाने म्हणाली असावी.

बढती गेली. आज लिहून ठेवते की मला वाईट वाटलं. खूप वाटलं. उद्याही तेच करीन.

३० मे, शुक्रवार

हेमांगी मॅडमचा या वर्षीचा कागद आला नाही. गेस्टमध्ये दरवर्षी कुणाचा तरी येत नाही. सोमवारपासून त्यांच्या खणाला दुसऱ्याचं नाव. मला न भेटताच गेल्या. सहा वर्षं एका खोलीत काम केलं, निदान सांगून तरी जायचं. मी किल्लीबद्दल त्यांना बोलणार होते, तेही राहिलं.

त्यांचा खण साफ केला. बेनेडिक्टच्या पाच-सहा चिठ्ठ्या निघाल्या, एप्रिलच्या तारखांच्या. वेळापत्रक बघितलं. एप्रिलमध्ये दुसऱ्या वर्षाला बेनेडिक्ट नव्हतं. विसरल्या असतील.

२३ ऑगस्ट, शनिवार

पानिपतहून परतले. रेल्वेत उभं राहून पाय दुखतायत, तरी आजचं आजच लिहायचं.

गेल्या आठवड्यात हेमांगी मॅडमचा फोन आला. त्या आता पानिपतच्या एका खाजगी कॉलेजात शिकवतात. म्हणाल्या, “रमाताई, माझ्या पहिल्या वर्षाच्या मुलांना तुमचा प्रयोग दाखवाल का? पाच दिवस आधी बाटल्या लावून ठेवते.”

मी म्हटलं, “करोल बागेतून पानिपतला रोज जाता? दिल्लीत काय कमी कॉलेजं आहेत?”

“मला जवळ पडतं,” त्या म्हणाल्या.

नव्वद किलोमीटर. जवळ कसं पडतं, ते त्यांनाच ठाऊक. आज स्टेशनवर घ्यायला आल्या होत्या. वाळल्यासारख्या वाटल्या. रिक्षात मी एकदा म्हटलं, “त्या दिवशी तुम्ही प्राचार्यांसमोर बोललात, ते बरं केलंत.” त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “जरा आधी बोलायला हवं होतं.” एप्रिलमधल्या त्या चिठ्ठ्या मात्र पूर्ण रस्ताभर डोक्यात फिरत होत्या. विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

लॅब लहान, टब एकच, पण मुलं चाळीस. बहुतेक हातमागवाल्यांच्या घरातली. मॅडमनी सांगितलं, “या रमाताई. हा प्रयोग यांचा आहे.” आणि स्वतः मागे सिंकपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

मी पुढच्या टेबलापाशी. कुठून सुरुवात करायची ते आधी ठरवलं नव्हतं. मग आंधीपासून सुरुवात केली आणि सगळं सांगितलं, ओतणारे हात माझे होते तेही. हिंदी माझी अठरा वर्षांची, बरी आहे.

पहिल्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, “फिर मेमो वापस लिया उन्होंने?”

“नहीं.”

“और प्रमोशन?”

“वह भी नहीं.”

तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, “तो आप तो हार गईं.”

वर्गात कुणीतरी हसलं. मागे मॅडमनी नळ सुरू केला होता तो बंद केला.

मी म्हटलं, “तुझ्यासमोर चार नळ्या आहेत. पाणी उकळलंय. आत सोड आणि घड्याळ लाव. पाच मिनिटांनी काय दिसतं ते वहीत लिही. मी काय सांगितलं ते लिहू नकोस. या मॅडमनी काय शिकवलं तेही लिहू नकोस.”

तिने नळ्या सोडल्या. चाळीस डोकी टबावर वाकली. मी खिडकीतून बाहेर बघत उभी राहिले, कारण मला माहीत होतं काय होणार.

पाच मिनिटांनी ती मुलगी लिहायला लागली. मी तिच्या वहीत डोकावले नाही.